साठ वजा चोवीस

"सर, चूक कुठी आहे?" नमस्कार-चमत्कार काही न करता गावंडे सरांनी फोनवर विचारलं.

"कोणती चूक?"

"तेच तर विचारून राहिलो. लेखाचं नाव 'वजाबाकीतल्या चार चुका'. मी तीन वेळा पाह्यला. चारही उत्तरं बरोबर आहेत. मले काहीच समजून नाही राहिलं."

गावंडे सर अचलपूरला गणित शिकवतात. आमच्या त्रैमासिकाचे पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. उगीच खुसपट काढणारा माणूस नाही. तरी मी म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. फोन ठेवला आणि अंक उघडला.

साठ वजा चोवीस. उत्तर छत्तीस. त्याखालच्या मजकुराची पहिली ओळ : 'इथे मुलीला शून्यातून चार वजा करता आले नाहीत.'

आता बाप्पा, आले नाहीत तर छत्तीस कुठून आले? पुढचं उदाहरण पाहिलं. बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पंचवीस. खाली लिहिलेलं, 'मुलाने लहान अंकातून मोठा वजा करण्याऐवजी उलट केले.' मी कागद घेऊन गणित करून पाहिलं. पंचवीसच. पुन्हा केलं. हयात गणित शिकवण्यात गेली आणि बावन्नातून सत्तावीस गेले किती हे मी डायनिंग टेबलवर तिसऱ्यांदा करत होतो.

थोडं मागचं सांगतो. आम्ही चार मास्तर अमरावतीला बोर्डाचे पेपर तपासायला एका खोलीत बसायचो. एखादं विचित्र उत्तर सापडलं की ते मोठ्यानं वाचायचं आणि सगळ्यांनी हसायचं, ही तिथली रीत. चहाइतकीच नेमाची. एकदा आमच्यातला एक जण म्हणाला, "हसून काय राहिले? ह्या पोरानं असं काहून केलं, ते सांगा." कोणालाच सांगता येईना. त्यातून 'हातचा' हे आमचं त्रैमासिक निघालं. आठ पानं, झेरॉक्स, कोपऱ्यात स्टेपलची पिन. नियम एकच : मुलाचं चुकलेलं उत्तर जसंच्या तसं छापायचं, आणि विचारल्यावर मूल काय म्हणालं ते खाली द्यायचं.

मग अंक वाढत गेला. अमरावतीचा अकोल्यात गेला, तिथून आजूबाजूच्या जिल्ह्यांत. झेरॉक्सचा प्रेस झाला. आयएसएसएन घेतला, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक. पीअर रिव्ह्यू आला, म्हणजे लेखकाचं नाव झाकून लेख दोन जाणकारांना दाखवायचा. सल्लागार मंडळ झालं. मीही जरा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

हा लेख वानखडे मॅडमचा. त्या धारणीच्याही पुढे, डोंगरातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मी दोन वर्षं मागे लागलो तेव्हा त्यांनी लिहिलं. "मी कोण लिहिणारी, सर? तिथं मोठमोठे लोक लिहितात," हेच पालुपद. अशा शाळांमधल्या मास्तरांनी लिहावं म्हणून तर हा खटाटोप होता, आणि तिकडून आलेला हा पहिलाच लेख. तो छापून आला आणि वाचणारे विचारत होते, चूक कुठी आहे?

दुपारपर्यंत आणखी दोन फोन आले. एक जण तर म्हणाला, बाईंना बरोबर आणि चूक यातला फरक कळतो ना? माझं डोकं सणकलं. मॅडमना फोन लावला, लागेना. त्यांच्या गावात नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. म्हणून मेसेज टाकला : 'मॅडम, उदाहरणं तपासून पाठवायला हवी होती. अंकाची शोभा झाली.'

आणि मग, मेसेज गेल्यावर, मूळ लेख काढला. अक्कल नेहमी मागून येते ती अशी.

मूळ लेखात साठ वजा चोवीस बरोबर चाळीस होतं. बावन्न वजा सत्तावीस बरोबर पस्तीस. चारही उत्तरं व्यवस्थित चुकलेली. दोन्ही रिव्ह्यूअरनी नेमकी त्याचीच तारीफ केली होती. मेसेज पुसायला गेलो, तर दोन निळ्या खुणा उमटलेल्या. मॅडम नेमक्या तेव्हाच टेकडीवर गेल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोला गाठलं. आमचा अंक शकीलभाई लावतात. डीटीपी म्हणजे मजकूर संगणकावर पानांत बसवणं, ते काम त्यांचं.

"शकीलभाई, आकडे कोणी बदलले?"

"मी कायले बदलू सर? मले गणित येत असतं तर प्रेसमध्ये बसलो असतो का?"

"मग आपोआप बदलले?"

ते उठले. कपाटातून प्रूफाचा गठ्ठा काढला. प्रूफ म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, संपादकानं तपासून परत द्यायची. पान माझ्यासमोर ठेवलं. चाळीसवर लाल काट, शेजारी छत्तीस. पस्तीसवर लाल काट, शेजारी पंचवीस. चारही ठिकाणी. अक्षर ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. तिनाचं पोट असं वाकडं फक्त मी काढतो.

प्रूफं मी अकोल्याहून परतताना बसमध्ये वाचली होती. मूर्तिजापूरच्या आसपास डुलकी येत होती, खिशात लाल पेन होतं. चुकलेलं उत्तर दिसलं, हात चालला. मला आठवतसुद्धा नव्हतं.

"विचारायचं तरी होतं, शकीलभाई."

"विचारणार होतो. मंग म्हटलं, गणिताचे सर आहेत, त्याइले आपण काय शिकवाचं?"

लाज वाटली, सरळ सांगतो. मॅडमना टाकलेला तो मेसेज डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

दोन दिवसांनी मॅडम मीटिंगसाठी धारणीला उतरल्या आणि त्यांचा फोन आला.

"सर, तुमचा मेसेज वाचला. मी माझे कागद काढून पाह्यले. माझं काही चुकलं नाही."

"नाही. मी चुकलो. प्रूफात मीच खोडलं."

त्या म्हणाल्या, "आमच्या केंद्रप्रमुखांनी सर्वांसमोर वाचून दाखवलं. लोक हसले. ते जाऊ द्या, मले सवय आहे. पण मी पोरांना सांगितलं होतं, तुमची गणितं पुस्तकात येऊन राहिली. अंक आला तशी फुलवंती आपलं गणित शोधत बसली. सापडलं, तर म्हणे हे माझं नाही. मी म्हटलं, तुझंच आहे. नाही म्हणे, माझं चाळीस होतं, हे दुसऱ्या कोणाचं छापलं."

"ती चाळीस कसं म्हणाली होती?"

"लेखात आहे ना सर. शून्याजवळ काहीच नाही, त्याच्याकडून काय घ्याचं? म्हणून तिथं शून्यच ठेवला." मग त्यांनी विचारलं, "सर, खोडण्याआधी तुम्ही ते वाचलं नव्हतं का?"

वाचलं होतं. निवड करताना वाचलं, वाहवा केली. प्रूफात मात्र फक्त उत्तर पाहिलं. मी हे त्यांना सांगितलं. "मी पुढं लिहीन का, ते आता नाही सांगत," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या अंकात तो लेख पुन्हा पहिल्या पानावर छापला. चार चुका होत्या तशा, आणि खाली पाचवी : 'संपादकाने चाळीस खोडून छत्तीस केले. विचारल्यावर तो म्हणाला, हात चालत राहिला, मी मुलीचं ऐकलंच नाही.' सल्लागार मंडळातले एक जण म्हणाले, जर्नलची इभ्रत जाईल. मी म्हटलं, नियम आपणच केला आहे, मुलांपुरता कसा ठेवणार?

प्रूफं आता मी पेन्सिलनं वाचतो आणि शकीलभाई प्रत्येक बरोबर उत्तराला फोन करतात. "सर, हे तर बरोबर दिसून राहिलं. चालते ना?"

महिन्याभरानं मॅडमचा दुसरा लेख आला, भागाकारावर. सोबत चिठ्ठी होती. 'फुलवंतीने चाळीसवर बोट ठेवून वर्गभर अंक फिरवला. मग पाचवी चूक वाचून घेतली आणि विचारलं, ह्या सरांना कोणी समजावलं? मी सांगितलं, तू.'