खळ्यावरची धावपट्टी

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं काय करावं, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. विमान उडवणं त्यात बसत नाही. मी मात्र संगणकावर उडवतो. खेळच तो, पण नकाशा खऱ्या जगाचा. माझ्यासारख्या हौशींचा एक गट त्या नकाशात महायुद्धाच्या काळातले, आता नांगराखाली गेलेले विमानतळ पुन्हा बसवतो. बायको म्हणते, "वरची टाकी गळतीय ती बघंनात, आन निघाले विमानतळ बांधायला!"

तसली एक कच्ची धावपट्टी बेंबळीच्या पुढं, आमच्या गावच्या शिवारात होती. कागद कुठंच सापडेना. ती डोळ्यांनी पाहिलेले गावात एकटे माझे चुलतेच उरलेत. आबा, वय नव्वद. त्यांनी ओळखली तरच पट्टी नकाशात जाईल, असं मी गटाला मोठ्या तोऱ्यात कळवून बसलो होतो.

उपग्रहाच्या चित्रात एक गाडीवाट दक्षिणोत्तर सरळ गेलेली दिसली. आमच्या गावात इतकी सरळ वाट कोण काढणार? म्हटलं, हीच ती. चार रविवार खपून नकाशात मुरूम अंथरला, कडेनं बाभळी लावल्या, हौसेनं एक तंबूही ठोकला. मग आबांना गावाकडून आणून पडद्यासमोर बसवलं.

आबांनी पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला.

"हे आपलं रान न्हाय."

मी चित्र मोठं केलं. "नीट बघा की आबा. ही वाट..."

"वाट मागनं पडली, वाटण्या झाल्यावर. ह्यात उगवत कुठं हाय?"

मी दाखवली.

"मग चुकलास लेका. इमानं गेल्यावर सगळ्या गावानं त्या पट्टीवर मळणीची खळी केली, एकामागं एक. भुई लई टणक. ज्वारी उपणायला घेतली की मावळतीचं वारं सुटायचं, आन आमचं भुसकट पुढच्याच्या राशीवर. मागच्याचं आमच्या राशीवर. रोज भांडण! तू काढलीस तशी पट्टी असती तर भुसकट सरळ रानात गेलं असतं. भांडायला काय कारण होतं?"

विमान वाऱ्याकडं तोंड करून उतरतं, हे मी वर्षभर व्हिडिओ बघून शिकलो होतो. पट्टी आखताना मात्र वारं कुठून येतं, हे बघायचंच राहिलं.

"उपटा आता बाभळी," बायको दारातून म्हणाली.

उपटल्या. पट्टी आडवी फिरवली, उगवतीकडून विमान आणलं. दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा टेकलं. आबा पुढं झुकले.

"व्हय. हीच."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हितं आमची रास. आन ह्या मागच्या अंगाला..." तो मागचा शेजारी जाऊन कैक वर्षं झाली. आबांनी त्याला अशा काही शिव्या घातल्या की बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. त्यांचं चालूच होतं, तोवर मी फाईल गटाला पाठवून दिली.