तेलाचं वावडं

इस्पितळातल्या नर्सेसनी ठेवलेलं 'लख्ख' हे नाव निवृत्तीनंतर गल्लीत पोचलं आणि तिथे त्याला 'काका' चिकटलं. लख्खकाकांनी सगळी नोकरी एका खोलीत काढली. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या. एकीतून रक्तानं माखलेल्या कात्र्या, चिमटे आणि आकडे आत यायचे. दुसरीतून तेच सामान वाफेतून निघून, हिरव्या कापडात बांधून बाहेर जायचं. मधे काका. शस्त्रक्रिया त्यांनी कधी पाहिली नाही. आपण घासलेली कात्री नेमकं काय कापते, याची चौकशीही त्यांनी कधी केली नाही. वस्तू बाहेर गेली की घाण होऊन परत येते, एवढाच त्यांचा जगाविषयीचा अनुभव होता आणि तो एकदाही खोटा ठरला नव्हता.

निरोपसमारंभात मोठे डॉक्टर म्हणाले, "यांना मी आज पहिल्यांदाच पाहतोय. यांचं काम किती चोख असेल ते यावरूनच कळतं." टाळ्या पडल्या. काकांनाही ते पटलं.

पंचाईत झाली ती काकूंची. इतकी वर्षं इस्पितळाला पुरलेला माणूस आता दोन खोल्यांच्या वाट्याला आला. काकूंनी कप खाली टेकवला की तो धुतला जाई; त्यात चहा उरलाय की नाही हा प्रश्न गौण होता. त्या भाजी चिरायला बसल्या की काका फडकं घेऊन मागे उभे राहत. "तुझं होऊ दे," असं म्हणत, आणि होऊ देत नसत.

"अहो, मी या घरात काही वापरू की नको?" काकूंनी एकदा विळी आडवी केली आणि विचारलं.

"वापर की. मी कुठे नको म्हणतोय?"

"म्हणत नाही. फडकं घेऊन उभे राहता. त्यापेक्षा म्हटलेलं परवडलं."

मग एका सकाळी काकूंनी जाहीर केलं, "रविवारी जावई येतायत. मी मुलीकडे जाते."

"किती दिवस?"

"बघू."

काकूंच्या तोंडी 'बघू' आलं की त्यातून काकांच्या फायद्याचं आजवर काही निघालेलं नव्हतं. ते चरकले. काकू पुढे म्हणाल्या, "तिकडे निदान माझं मशीन तरी आहे. त्याच्यावरची कुंडी उचलते आणि बसते."

या मशीनची हकिकत अशी. काकू एके काळी अर्ध्या गल्लीचे ब्लाउज आणि फ्रॉक शिवत. मुलीनं स्वतःचं घर मांडलं तेव्हा त्यांनी आपलं मशीन मोठ्या मनानं तिला देऊन टाकलं, आणि मुलीनं तेवढ्याच मोठ्या मनानं त्याच्यावर झाडाची कुंडी ठेवली. तेव्हापासून काकूंचे हात रिकामे होते. निदान काका निवृत्त होईपर्यंत ते शांत तरी होते.

या सगळ्यातून काकांनी स्वतःला झेपेल तेवढाच अर्थ काढला. मशीन तिकडे आहे म्हणून ही तिकडे चालली. इकडे असलं तर इकडे राहील.

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं दुकान मुलाच्या हवाली केलं होतं आणि मुलगा तिथे मोबाइलची कव्हरं विकत होता. आतल्या अंधारात चिंध्यांच्या गाठोड्यांखाली पायांनी चालवायचं एक जुनं काळं मशीन पडलं होतं. मानेवर सोनेरी वेल, खाली लोखंडी जाळीचे पाय.

"हे माझ्या वडिलांच्याही आधीचं आहे, काका," शिंपी म्हणाला. "चाक जाम झालंय. शोभेला ठेवा फार तर."

"स्वच्छ केलं की चालेल."

शिंप्यानं वाद घातला नाही. त्याला जागा हवी होती.

हातगाडीवरून मशीन घरी आलं. काकूंनी दारातूनच ते न्याहाळलं. चाकाला हात लावून पाहिला, चाक हललं नाही.

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"चालतं का?"

"रविवारच्या आत चालेल."

काकू बॅग काढायला म्हणून आत गेल्या आणि ती न काढताच परत आल्या. काकांनी हे टिपलं.

मग त्यांनी खिडकीशी पांढरी चादर अंथरली. जो भाग ज्या क्रमानं सुटेल त्याच क्रमानं तो चादरीवर ठेवायचा, ही जुनी सवय. सुईखालची प्लेट काढली तर खाली धुळीचा आणि कापडाच्या तुसांचा गच्च थर निघाला, निळा, लाल, खाकी, जणू कुणी आत गोधडीच भरून ठेवली होती. त्यात मोडक्या सुयांची टोकं. आतले दांडे जुन्या तेलानं तपकिरी झाले होते. तेल वाळून त्याची कडक खपली धरली होती. काकांनी रॉकेल, जुने टूथब्रश, काडीला गुंडाळलेला कापूस असा सरंजाम मांडला आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. खपली विरघळत होती. खालून पांढरं लोखंड वर येत होतं.

"त्या सोनेरी वेलीला रॉकेल लावू नका," काकू जाता जाता म्हणाल्या. "निघून जाईल."

"नाही लावत," काका म्हणाले, आणि अर्ध्या निघून गेलेल्या पानावर अंगठा ठेवला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण रॉकेलनं स्वच्छ झालेली वस्तू काकांच्या हिशेबी अजून स्वच्छ नव्हतीच. तिच्यावर रॉकेल होतं. शुक्रवारी काकू दूध तापवायला गेल्या तर शेगडीवर दुधाचं पातेलं आधीच चढलेलं होतं आणि त्यात मशीनचे सुटे भाग खळखळा उकळत होते.

"हे दुधाचं पातेलं आहे."

"झाल्यावर उकळून देतो."

"पातेलंसुद्धा उकळणार?"

"म्हणजे काय! त्याशिवाय कसं वापरायचं?"

काकूंनी गॅस बंद केला. माळ्यावरची बॅग काढली, आणि साड्या भरताना मुद्दाम कपाटाचं दार आपटत राहिल्या.

काकांनी घाई केली. सगळे भाग पुसले, ऊन दाखवलं, क्रमानं पुन्हा बसवले. कसलाही चुकार स्क्रू उरला नाही. मशीन असं झळकत होतं की कंपनीतूनही तसं बाहेर पडलं नसेल. काकांनी चाक फिरवलं. ते दोनदा फिरलं, कण्हलं आणि अडकलं.

कुठेतरी घाण राहिली, काकांनी निदान केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा घासलं, पुन्हा उकळलं; या खेपेला बादलीत. आता ते एकदाच फिरलं.

रविवारी सकाळी बॅग दाराशी आली. काका चादरीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं, ना ब्रश, ना फडकं. काकूंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"स्वच्छ आहे गं," काका म्हणाले. "अगदी स्वच्छ आहे. तरी चालत नाही."

काकूंनी पदर खोचला. प्लेटखालच्या दांड्यावर बोट फिरवलं, बोटं एकमेकांवर चोळली, वासही घेतला.

"तेल कुठे घातलंत?"

"तेल? ते काढण्यातच तर आठवडा गेला."

काकू बॅगेवरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. यात हसण्यासारखं काय आहे हे काकांना कळेना. "तेलाखाली वाफ पोचत नाही," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "कात्र्यांच्या सांध्यांना आम्ही एक दुधासारखं औषध लावायचो, पण ते पाण्यात विरघळतं. तेलाचा थेंब दिसला तर अख्खा ट्रे परत यायचा!"

"अहो, पण हे कुणाच्या पोटात घालायचंय का?"



मशीन मुलीला देताना तेलाची कुपी चुकून मागे राहिली होती. काकूंनी ती कपाटात डब्यांच्या मागे दडवली होती, कारण काकांच्या नजरेला पडली असती तर आतून-बाहेरून धुतली गेली असती.

"तुम्हीच घाला," त्यांनी कुपी पुढे केली. "मला बारीक भोकं दिसत नाहीत. जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथे एकेक थेंब."

काकांचा हात कुपीसाठी पुढे झाला आणि वाटेतच थांबला. घासूनपुसून पांढरं केलेलं लोखंड समोर होतं. कुठलीही नर्स त्यांना आता काही बोलणार नव्हती, तरी त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग पहिला थेंब सोडला.

"आता चाक. हळू. पुढे-मागे करा. इथे राहिलं. अहो, वर नाही, सुईच्या दांड्याला. पुरे, पुरे, अभिषेक नको!"

चाक कण्हलं, मग नुसतं कुरकुरलं, मग तेही थांबलं. आतून तपकिरी तेल ओघळलं.

"हे सगळं मी काढलं होतं!" काका म्हणाले.

"तुमचा ब्रश पोचला तिथलं काढलंत. बाकीचं हे काढतं."

तेलानं घाण निघते ही बातमी काकांना पचेना, पण ती त्यांच्या डोळ्यांसमोर ओघळत होती. काकूंनी दोरा ओवला, एक चिंधी सुईखाली सरकवली आणि पाय चालवले. मशीन खडखडलं आणि धावायला लागलं. टीप सरळ पडली. तिच्याबरोबर चिंधीवर तेलाचा डागही. काकांचा हात आपोआप फडक्याकडे गेला.

"हात मागे!" काकू मान वर न करता म्हणाल्या. "पहिलं तेल चिंधीवरच येतं. येऊ दे."

हात मागे गेला. कसा गेला ते काकांनाच ठाऊक.

तेवढ्यात जावई आले. दाराशी बॅग, आत सासूबाई मशीनवर आणि सासरे हात मागे बांधून उभे, हे दृश्य त्यांना उलगडेना.

"आई, निघायचं ना?"

"तुमच्या पँटची शिवण उसवलीय. आत जाऊन बदलून या, टाकते दोन टिपा."

जावई लुंगी नेसून चहा प्यायले, पँट घालून निघाले. दारात त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे तुम्ही येत नाही?"

"येईन की, पुढच्या महिन्यात. चार दिवस." काकूंनी आता काकांकडे पाहिलं. "म्हणजे घरात माझं काम चालू राहिलं तर. एक अट आहे. मी मशीनवर बसले की उठेपर्यंत झाडू हातात धरायचा नाही. दोरे पडू देत, चिंध्या पडू देत."

"बघू," काका म्हणाले.

काकूंनी पाय थांबवले. बॅग अजून दाराशीच होती आणि जावई उंबऱ्यावर.

"बरं," काका घाईनं म्हणाले. "पडू देत."

जावई एकटेच गेले. दुपार झाली. दोऱ्यांचे तुकडे जमिनीवर पडत होते, पांढरे, काळे, एक हिरवा थेट काकांच्या पायाशी. काका खुर्चीवर बसून त्याच्याकडे पाहत होते. चादरीतून अभ्रे झाले, अभ्र्यांना झालर लागली, आणि काकू उठायचं नाव घेत नव्हत्या.