नऊ गाठींचा अडॅप्टर

द्वारकाताईंकडून कुठलाही अडॅप्टर घ्या, त्याच्या वायरीला हार गुंफायचा पांढरा दोरा बांधलेला असणार आणि त्या दोऱ्याला गाठी असणार. पाच व्होल्टला पाच, नऊला नऊ, बाराला बारा. तेवढ्याच गाठींचा दुसरा दोरा त्या तुमच्या राऊटरच्या अँटेनाला अडकवून देतात. अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. डाव्या अंगाला नवरा हार विकतो, उजव्या अंगाला ताई राऊटर आणि चार्जर दुरुस्त करतात. माहेरी फुलं, सासरी फुलं, आणि ही बाई आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली.

"गाठी कशाला हो ताई? छापलेलं असतंच की," मी एकदा डिवचलं होतं.

"छापेल हाय, पण वाचते कोन? मुंगीएवढं अक्षर. अन् लाइट गेल्यावर काय वाचसान? बोटाले गाठ कळते."

राऊटर सोबत आणल्याशिवाय त्या अडॅप्टर देत नाहीत म्हणजे नाहीत. "गोल पिनवाला द्या" म्हणणाऱ्याला तर उभंच करत नाहीत. एका प्राध्यापकांनी मोबाइलवर राऊटरचा फोटो दाखवला. ताईंनी तो मोठा करून पाहिला आणि मोबाइल परत दिला. "यात मशीनमागची छापेल पट्टी अर्धी दिसून नाई राहिली, सर. मशीन आना." सर तणतणत गेले आणि तासाभरानं पोराला दवाखान्यात आणावं तसं राऊटर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. मग ताईंनी त्यांना धडा दिला. "व्होल्ट बरोब्बर तेवढाच पायजे. अँपिअर जास्त असला तं चालते, कमी नाई चालत. अन् पिनेच्या आत पॉझिटिव्ह हाय का निगेटिव्ह, थे चित्र पाहाचं. पिन बसली म्हंजे जमलं असं नसते." सर वहीत लिहून घेतील की काय असं वाटलं.

हे सगळं मी बाजूला उभं राहून ऐकलेलं. पण मी पडलो मेंटेनन्सचा माणूस! नांदगाव पेठेतल्या कापडाच्या युनिटमध्ये चोवीस वर्षं यंत्रांच्या मोटारी सांभाळल्या. मला कोण शिकवणार?

ते युनिट बंद पडलं. आठ महिने घरी बसलो. रोज सकाळी उठायचं आणि डबा मात्र भरायचा नाही, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. शेवटी अकोल्याच्या एका डाळ मिलमधून बोलावणं आलं. मालक राहतो पुण्यात, म्हणून मुलाखत कॉम्प्युटरवर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सकाळी अकराला. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सारी भिस्त राऊटरवर. त्याचा अडॅप्टर ताईंकडूनच घेतलेला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बायकोनं दिवाळीची साफसफाई काढली. मीही उत्साहानं टीव्हीमागचे सगळे अडॅप्टर काढले, पुसून लख्ख केले आणि एका पिशवीत भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पिशवीतून एक काढला, राऊटरला लावला. पिन मस्त बसली. दिवा लागला, दोन मिनिटांत विझला आणि जळका वास आला.

माझं डोकंच फिरलं. राऊटर आणि अडॅप्टर घेऊन तडक दुकानात गेलो. झेंडूचे ढीग, हारांना गर्दी, आणि मी त्या गर्दीत ओरडलो, "ताई, तुमच्या भंगार अडॅप्टरनं माझा राऊटर जाळला! लोकांना फसवायचा धंदा मांडलाय का?"

हार घ्यायला आलेली एक बाई पुढे केलेला हात मागे घेऊन उभी राहिली. सणाच्या तोंडावर दुकानदाराला असं बोलणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. ते मला तेव्हा सुचलं नाही, आजही आठवलं की लाज वाटते.

ताईंनी अडॅप्टरच्या वायरीवरून बोट फिरवलं. मग राऊटरच्या अँटेनावरून.

"दोरा कुठी हाय, भाऊ?"

"दोरा? मळला होता. कापून टाकले सगळे."

ताईंनी भिंग काढलं. "हा बारा व्होल्टचा. तुमच्या टीव्हीच्या सेटटॉप डब्याचा असन. राऊटर नऊचा. माया अडॅप्टर घरी पिशवीतच पडून असन." मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमी तं मोटारीवाले. पट्टी काहून नाई वाचली?"

घड्याळात साडेदहा झाले होते. मी मुलाखतीचं कसंबसं सांगितलं. ताईंनी एक अक्षर वाढवून विचारलं नाही. झेंडूच्या टोपल्या सरकवल्या, स्टूल ठेवलं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर दुकानाचं नेट लावून दिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अर्धा घंटा ओरडू नोका. गिऱ्हाइकाले हातानं भाव दाखवा." ऐन दिवाळीच्या गर्दीत तो भला माणूस अर्धा तास खुणा करत हार विकत होता!

अकराला मिलमालकानं पडद्यावरून विचारलं, "मशीन बंद पडलं तर सगळ्यात आधी काय करता?"

"आधी त्याच्यावरची पट्टी वाचतो, साहेब," मी म्हणालो. कानशिलं तापली होती. पण पुढचं सगळं मी न अडखळता सांगितलं, कारण ते काम मला खरंच येतं. मालक म्हणाला, "दिवाळी झाली की या."

उठलो. टोपल्यांमधून वाट काढत ताईंपाशी गेलो आणि खालच्या आवाजात म्हटलं, "ताई, चुकलं माझं."

त्या सोल्डरिंग करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हळू नोका बोलू, भाऊ. मंघाशी जेवढ्या जोरानं बोलले, तेवढ्याच जोरानं बोला."

मी वळून पाहिलं. गर्दी मघापेक्षा वाढली होती. घसा खाकरला आणि ओरडलो, "राऊटर मी जाळला! माझ्या हातानं! ताईंचा अडॅप्टर चांगला होता!"

हार घ्यायला आलेल्या बाया वळून पाहायला लागल्या, कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईंनी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"हां. आता सांगा, काय म्हने अकोलेवाला?"