सारखा केलेला जोड

हां, तर आक्काने तो बूट त्या माणसाच्या तोंडावर मारला नव्हता. काल बोलण्याच्या भरात मी तसं सांगून गेलो असेन. तिने तो फळीवर आपटला. तोंड जवळ होतं, इतकंच.

आक्का म्हणजे आमच्या रस्त्यावरची बूट-चपला दुरुस्त करणारी. माझं छत्र्या दुरुस्तीचं दुकान तिच्या दुकानाला लागून, मध्ये एकच पत्रा. त्यामुळे तिचा आयुष्यभराचा राग मी बसल्या जागी ऐकलाय, आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही. बूट चिखलासकट आणला तर ती भडकायची. धुऊन ओला आणला तरी भडकायची. कोरडा, पुसलेला, पिशवीत घालून आणला, तर इतके दिवस झोपला होतात का म्हणून भडकायची. माघारी लोक तिला तोफ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. म्हणायची, तोफ म्हणतात आणि चपला बरोबर माझ्याच तोंडाशी आणून ठेवतात.

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. अख्ख्या रस्त्याला ठाऊक, पण बोलायची छाती कुणाची? लहानपणी तिच्या बापाने, तोही याच धंद्यातला, तिला जाड तळाचा बूट करून दिला होता. शाळेतल्या पोरांनी त्याच्यावरून इतकं छळलं, की तिने तो कालव्यात फेकला आणि घरी सांगितलं, हरवला. तेव्हापासून डावी टाच अधांतरी उचलून चवड्यावर चालायची, म्हणजे उंची सारखी दिसते. संध्याकाळी कंबर धरून दुकान बंद करायची आणि त्या कंबरेचा सगळा राग कुलपावर काढायची. कुलूप बिचारं दरवर्षी नवं लागायचं.

कामाची तिची एक रीत होती. बूट तयार झाले की दोन्ही काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि वरून लाकडी पट्टी आडवी टाकायची. पट्टी जराशी कलली तरी ती रापी उचलायची. रापी म्हणजे चामडं तासायची सुरी. पट्टी सपाट बसल्याशिवाय जोड दुकानाबाहेर जात नसे.

आता ऐका. एक दिवस एक मवाळ गृहस्थ बायकांच्या बुटांचा जोड घेऊन आला. तळ झिजलेत, नवे घाला, पण आधी होते तसेच करा, असं हळू आवाजात म्हणाला. आक्का म्हणाली, माझं काम मला शिकवू नका. त्याला आणखी काही सांगायचं होतं. ते त्याने गिळलं आणि निघून गेला.

आक्का पट्टी टाकून बघते तर उजव्या बुटाचा तळ डाव्यापेक्षा चांगलाच जाड. पत्र्यापलीकडून मला ऐकू आलं, कुठल्या गाढवाने केलंय हे काम. मग तासभर रापी चालली. जास्तीचा तळ सोलून काढला, नवे तळ चिकटवले, ठोकले, पट्टी टाकली. सपाट. त्या दिवशी तिने मला चहा पाजला. असा बिघडलेला जोड हातून सुधारला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गृहस्थ परत आला आणि बरोबर त्याची मुलगी. पायात तेच बूट. प्रत्येक पावलाला तिचा उजवा खांदा खाली जात होता. मी छत्रीची काडी तशीच हातात धरून दाराशी येऊन उभा राहिलो. अशी मजा सोडणाऱ्यातला मी नाही.

पण मजा नव्हतीच ती. पोरीने बूट काढून फळीवर ठेवला आणि विचारलं, हा कुणी तासला? आक्का म्हणाली, मी तासला, वाकडा होता. पोरगी म्हणाली, बूट वाकडा नव्हता, माझा पाय आखूड आहे. उद्यापासून तिला औषधांच्या मोठ्या दुकानात नोकरी होती, दिवसभर उभ्याची. मुलाखतीत मालकाने विचारलं होतं, उभं राहणं जमेल का, तर तिने हाच बूट काढून टेबलावर ठेवला होता. या बुटात जमतं, म्हणाली होती. आता बूट गेला, आणि मालकाला काय, तो दुसरी कुणी बघेल.

आक्का बापावर घसरली. तोंड होतं ना तुम्हाला, सांगता येत नव्हतं? बाप खाली बघत राहिला. मुलीच्या पायाचं चारचौघांत बोलायला त्याला जड जात होतं. तेवढ्यात पोरगी शांतपणे म्हणाली, "त्यांना कशाला बोलता, मावशी? तुम्हाला तरी कळायला हवं होतं. तुमची डावी टाच जमिनीला लागलेली नाहीये."

रस्त्यावर कुणीच कधी न उच्चारलेली गोष्ट. मला वाटलं, आता रापीच फेकून मारते. आक्काचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मग तिने स्टूल सरकवलं आणि खेकसली, उभी राहा इथे.

तिने चामड्याच्या चकत्या काढल्या आणि पोरीच्या उजव्या पायाखाली एकेक सरकवायला लागली. थोड्या झाल्यावर पोरीने बापाकडे चोरून बघितलं आणि म्हणाली, पुरे. आक्का म्हणाली, हे तुझं ‘पुरे’ खोटं आहे, खांदा अजून खाली आहे तुझा. आणखी एक चकती घातली. तेव्हा बाप हळूच बोलला, एवढा जाड नको, लोकांना दिसेल.

इथे तो बूट आपटला, बरं का.

"दिसू दे," आक्का ओरडली. "दिसलं तर दिसलं. पोरीची कंबर मोडली तर ती लोकांना दिसणार आहे का? माझी दिसली का कुणाला? मी इतकी वर्षं काय कमावलं लपवून, विचारा ना मला."

तिने आणखी एक चकती सरकवली. पोरगी सरळ उभी राहिली. आक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी पट्टी फिरवावी तसा. मग उरलेल्या चकत्या जमिनीवर रचून तिने स्वतःचा डावा पाय त्यावर ठेवला. टाच टेकली. दोन्ही खांदे एका रेषेत आले. इतक्या वर्षांत ती एवढी उंच आहे हे मला माहीतच नव्हतं. क्षणभर तिने भिंत धरली, मग सोडली.

संध्याकाळच्या आत पोरीचा बूट झाला. निघताना बापाने हात जोडले, तर आक्काने त्याला वर ऐकवलं, हात जोडू नका, पुढच्या वेळी तोंड उघडा. पोरगी नोकरीला लागली. पुढे सहा महिन्यांनी तळ बदलायला एकटीच आली, आणि दोघी तळाच्या रबरावरून तासभर भांडल्या. काय सुंदर भांडल्या, म्हणून सांगू.

पण त्या पहिल्याच आठवड्यात आक्का रस्त्यावरून आली ती जाड तळाचा डावा बूट घालून. टक, टक. लोक बघत होते. ती त्यांच्याकडे उलट बघत होती. तिच्या दाराशी जाऊन मी विचारलं, आक्का, आता तरी राग जरा कमी झाला का?

ती म्हणाली, "कमी कशाला होईल रे भाऊ? आत्तापर्यंत निम्मा कंबरेत जिरत होता, आता सगळा तुमच्या वाट्याला येईल. आण ती चप्पल इकडे, तुझी उजवी टाच किती झिजलीय ते तुला दिसत नाही, पण मला रोज दिसतंय."