दुसऱ्या पहारेकऱ्याचं नाव

"राव, तुला हे सुचतं तरी कुठून?" असं निरंजनला कुणी ना कुणी दर रविवारी विचारायचंच. तो बिनदिक्कत थाप मारायचा, "कंपनीच्या बसमध्ये." मोशीहून चाकणला जाणारी ती बस रोज तास-तास ट्रॅफिकमध्ये तुंबलेली असते, त्यामुळे लोकांना ते पटायचंही.

आठवडाभर तो चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून गिअर मोजायचा. रविवारी सकाळी मात्र मोशीच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती पाच-सहा जण जमायचे आणि रोल-प्लेइंग गेम रंगायचा. गोष्ट निरंजननं रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. कुणी सरदार, कुणी हेर. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशांनी. चांगली नोकरदार, शहाणीसुरती माणसं, पण चार तास कुणी मोबाइलला हात लावायचं नाही. एवढी त्याच्या गोष्टींची गोडी.

आणि गोष्टी त्याच्या नव्हत्याच. सगळा माल वडिलांचा, उद्धवरावांचा. लातूरकडून आलेला हा माणूस तीसेक वर्षं पिंपरीच्या एका प्रेसशॉपमध्ये, पत्र्यावर जड लोखंडी डाय दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, राबून निवृत्त झाला. निरंजनची आई रुक्मिणीबाई होत्या तोवर घरातलं बोलण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि बापलेक एकमेकांसमोर मुकाट्यानं जेवायला लागले. मग एके दिवशी उद्धवराव आपण होऊन बोलले. कॅन्टीनमधली भांडणं, संपातली फितुरी, भट्टीशी बोलणारा एक म्हातारा फोरमन. निरंजन ऐकायचा, हात धुतला की खोलीत जाऊन वहीत उतरवायचा. कारखान्याचा किल्ला करायचा, फोरमनचा किल्लेदार. वडिलांना वाटायचं, पोराला आपल्या आयुष्यात रस आहे. तसा तो होता, पण अर्ध्यावरच थांबणारा.

कारण पोराच्या मनात एक जुनी अढी होती. कंपनीत उद्धवरावांची ख्याती अशी की कुणीही बदली मागावी, हा माणूस नाही म्हणायचा नाही. कुणाची मेहुणी आली, कुणाला गावी जायचंय, हे निघाले डबा घेऊन त्याच्या जागी शिफ्टला. स्वतः मात्र कधी कुणाकडे शिफ्ट मागितली नाही. शाळेच्या बक्षीस समारंभाला टाळ्या वाजवायला रुक्मिणीबाई एकट्या. निरंजनच्या वाढदिवसाला तर वडील हटकून कुणाच्या तरी बदलीवर. साऱ्या जगासाठी वेळ होता, आपल्यासाठी नव्हता, हे त्याला लागायचं. अजूनही लागत होतं.

गेल्या महिन्यात जेवताना उद्धवरावांनी एक गंमत सांगितली. "आमच्या कंपनीत एकाच्या घरी बारसं. त्यानं दोस्ताला म्हणलं, माझी शिफ्ट कर, आन खाडा पडू नये म्हणून माझंच कार्ड पंच कर. तसं सगळेच करायचे. दुपारी कंपनीचा वॉचमन सायकलवर ह्याच्या दारात. ह्याचंच नाव घेऊन ह्यालाच म्हणतो, तुमच्यातला अमका गेला, घरात मोठं कोण हाय? आन हा घुगऱ्या वाटत उभा!" उद्धवराव थोडेसे हसले आणि ताट उचलून मोरीकडे गेले. पुढे काय झालं ते निरंजननं विचारलं नाही. त्याला हवं तेवढं मिळालं होतं.

रविवारी उद्धवराव एरवी इंद्रायणीकाठी भजनाला जात, त्यामुळे खेळ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्या रविवारी गुडघा धरला म्हणून ते घरीच राहिले आणि पोरांसाठी पोहे करायला घेतले.

बाहेर टेबलावर, खेळातल्या किल्ल्यावर बारसं चाललं होतं. निरंजनच रंगवत असलेल्या मल्हार नावाच्या पहारेकऱ्यानं दोस्ताला आपल्या जागी पाठवलं होतं, आपला पितळी बिल्लाही दिला होता. निरंजन जासुदाच्या घोगऱ्या आवाजात थेट मल्हारलाच म्हणाला, "मल्हार पहारेकरी गेले हो! घरात मोठं कोण आहे?" टेबल हसून हसून हललं. सरदार झालेला ओजस तर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

मग दिव्या सरसावली. ही माणच्या आयटी कंपनीतली, खेळात हेर झालेली, आणि भारी संशयी. "थांबा. ह्या मल्हारला आधीच माहीत होतं. बारशाचं निमित्त करून त्यानं दोस्ताला मरायला पाठवलं. बांधा त्याला!"

"लटकवा!" ओजस म्हणाला.

निरंजन खूश झाला. हे त्यालाही सुचलं नव्हतं.

"त्याला माहीत न्हवतं."

स्वयंपाकघराच्या दारात उद्धवराव पोह्यांच्या बश्या घेऊन उभे होते. दिव्याला वाटलं, काकांनाही खेळायचंय. तिनं उत्साहानं खुर्ची सरकवली. "या काका, तुम्हीच मल्हार व्हा! सांगा, पहारा का बदलून मागितलात?"

उद्धवराव बसले. बश्या त्यांनी टेबलावर नीट एका रांगेत ठेवल्या.

"पोराचं बारसं होतं. बायको म्हणली, आजच्या दिवस तरी घरी थांबा."

"मग दोस्ताला बिल्ला का दिलात?"

"बिल्ला न्हाई. कार्ड. माझं कार्ड त्याच्या खिशात होतं, प्रेसची डाय वरून आली तवा. तोंड वळखू येत न्हवतं, म्हणून कार्ड बघून माझ्या घरी माणूस धाडला."

ओजसनं हातातले फासे हळूच खाली ठेवले. निरंजनला मघाचा स्वतःचा घोगरा आवाज आठवला आणि लाज वाटली. "बाबा, राहू द्या," तो म्हणाला.

पण एकतीस वर्षं दाबून ठेवलेलं आता थांबणार नव्हतं. "वॉचमन म्हणला, उद्धव गेला. मी समोर उभा. आमी हसलाव. सगळे हसले, आत्तासारखेच. मी तर डोळ्याला पाणी येस्तोवर हसलो. म्हणलं, गड्या, जिता हाय की मी! लई बरं वाटलं बघ मला, जिता हाय म्हणून. मग एकदम ध्यानात आलं, कार्ड कुणाच्या खिशात हाय."

पोह्यांना कुणी हात लावला नाही. दिव्या रडवेली झाली होती. "काका, त्यांचं नाव काय होतं?"

"दादासाहेब. शेजारच्या प्रेसवर असायचा."

निरंजनच्या वहीत ते नव्हतं. मल्हारचं गाव होतं, त्याच्या मिशा होत्या, बारशाचा सगळा थाट होता. मेलेल्याच्या पुढे नुसतं 'दुसरा पहारेकरी' लिहिलेलं होतं. चार वर्षं वडिलांकडून तो गोष्टी उचलत आला, आणि हे एवढं त्यांना विचारायचं राहून गेलं होतं.

"म्हणून पुढं कुणीबी बदली मागितली तर दिली," उद्धवराव म्हणाले. "आपण मागितली न्हाई."

"आणि माझे वाढदिवस?" निरंजनच्या तोंडून निघून गेलं. चार लोकांत विचारायचा हा प्रश्न नव्हता, पण तो तीस वर्षं थांबला होता.

उद्धवरावांनी पोराकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि टेबलावर सांडलेले पोहे बोटानं गोळा करत राहिले.

"तुला कडेवर घेतलं, की ते हसणं ऐकू यायचं रे," ते म्हणाले. "म्हणून मी घेतच न्हवतो."