ओळीनं सतरा एक

फर्दापूरला भाचीच्या लग्नात होते, तेव्हा गायकवाड भाऊंचा फोन आला. "सुमन गेली, रेहानाबाई. सकाळीच." मी मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिले. आत भाचीची रुखसत चालली होती, सगळेच रडत होते. मला कुणी काही विचारलं नाही… महिना होत आला त्याला.

पुंडलिकनगरात आमची घरं एकाच गल्लीत, शाळाही एकच. सुमनताई गणित शिकवायच्या, मी विज्ञान. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. त्यांचे मिस्टर, गायकवाड भाऊ, शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला, म्हणून बहुतेकदा सोबत मीच जायचे. ताईंचा एक हात मशीनला जोडलेला, मांडीवर पाटी, दुसऱ्या हातानं भागाकार चाललेला. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ओळीनं सतरा एक मांडलेत. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, अशी संख्या आहे का बघते. आधी तेरा एक घेतले होते, ते त्रेपन्नला फसले." तीन, सात, अकरा केव्हाच मागं पडले होते. बाकी उरली की त्यांचा चेहरा उजळायचा. नर्स विचारायची, "सुटलं का गणित, मॅडम?" "सुटू नये म्हणूनच चाललंय," त्या म्हणायच्या. मला वाटायचं, वेळ जातोय बाईंचा, बरंच आहे.

ताईंच्या सख्ख्या भावाची किडनी जुळत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी त्यांनी पाटी बाजूला ठेवली. "रेहाना, तुझ्या फोनात बघ, भाग जातो का."

"थांबा की, काढू आपणच."

"माझ्यानं नाय होणार आता. बघ."

बघितलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भाग जात होता. ताईंनी फोन हातात घेऊन आकडा वाचला. "वीस लाख… मी तर हजारापर्यंतसुद्धा धड पोचले नव्हते." मग भागाकार किती येतो तेही विचारलं, दोन्ही संख्या पाटीवर मांडल्या आणि हातानं गुणल्या. पहिल्यांदा मधेच चुकलं. पुसून पुन्हा मांडलं. शेवटच्या बेरजेत ओळीनं सगळे एक उतरले, तेव्हा पोराच्या पेपरवर करतात तशी बरोबरची खूण केली आणि पाटी पुसून टाकली.

परतताना रिक्षात म्हणाल्या, "आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्यात नवस नाय. पोरांनाही मी तेच शिकवलं. तरी मनात ठेवलं होतं… भाग गेला नाय, तर मी वाचते."

"ताई, त्या संख्येला तुमचं काय ठाऊक?"

"तेच तर. भाग गेला त्याचं एवढं नाय. पण मी असं काही मनात धरलं, याची लई शरम वाटली."

त्यानंतर त्यांनी पाटी सोबत घेतली नाही. मशीन चालू असताना छताकडं बघत पडून राहायच्या. मी काहीबाही बोलायचे, त्या "व्हय" म्हणायच्या…

मी पाच वक्ताची नमाज पढणारी बाई. मागायचं ते तिथं मागते. पण अम्मीच्या तपासणीचा रिपोर्ट यायचाय, आणि हल्ली शाळेत जाताना पुढच्या गाडीचा नंबर दिसला की नकळत अंकांची बेरीज करते, तीननं भाग जातो का बघते. गेला नाही की हायसं वाटतं.

गेला, तर दुसरी गाडी शोधते.