साडूभाऊ आणि मेलेले लॅपटॉप

जगात मेलेला लॅपटॉप नसतोच, फक्त मालकाचा धीर सुटलेला असतो, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि नशिबाने तो मला साडू म्हणून दिला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा कामोठ्याला राहतो, जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवतो. उरलेला वेळ असं मी म्हणतो, तो नोकरीलाच उरलेला वेळ समजतो. लिनक्स म्हणजे जुन्यापान्या मशीनवरही चालणारी फुकटची सिस्टीम, हे ज्ञान मला त्याच्याच लग्नात, तो बोहल्यावरून उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मिळालं. नवरी बाजूला उभी होती.

कुणाकडे सत्यनारायणाला गेला तर हा तीर्थ घेण्याआधी कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडे बघतो आणि विचारतो, "रॅम किती?" चार जीबी ऐकलं की त्याचा चेहरा पडतो, धडधाकट मशीनमध्ये त्याला गोडी नाही. एक जीबी म्हटलं की डोळे भरून येतात. त्याच्या घरात पलंगाखाली लॅपटॉप, माळ्यावर लॅपटॉप, आणि मेहुणीच्या साड्यांच्या कप्प्यात पापडासारख्या फुगलेल्या बॅटऱ्या. "भावजी, माणसं दोन आणि चार्जर चाळीस," मेहुणी सांगते, "आणि चालू मशीनला लागेल असा त्यात एक नाही."

माझाही लॅपटॉप त्याने वाचवला आहे. "दादा, टेन्शन नको, पंधरा मिनिटांचं काम," म्हणत तो एका रविवारी बसला आणि तिसऱ्या रविवारी उठला. शिंप्याने दातांत टाचणी धरावी तसा पेनड्राइव्ह दातांत धरून तो काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी टाइप करत होता, आणि मधल्या वेळात आमच्या घरच्या पोह्यांची, थालीपिठांची आणि सुरमईची कसून तपासणी झाली. लॅपटॉप चालू झाला, हे खरं. फक्त आवाज गेला होता आणि वायफाय लागत नव्हतं. मी तक्रार केली तर म्हणाला, "वायफाय ही सवय आहे दादा, गरज नाही." मग हॉलभर एक निळी केबल पसरली. चौथ्या दिवशी आमची ही तिच्यात पाय अडकून चहाच्या ट्रेसकट आडवी झाली. हा तेव्हा केबल तपासायला आलेला होता. धावत आला आणि पहिला प्रश्न विचारला, "केबल नाही ना निघाली?"

पण त्याने कळस केला तो सासऱ्यांच्या तेराव्याला. गोडाचं जेवण चालू असताना हा सासूबाईंना म्हणाला, "आई, बाबांचा लॅपटॉप आता कोण वापरणार?" मी त्याच्या पानात आणखी एक लाडू वाढला आणि विषय बंद केला.

त्या लॅपटॉपचं महत्त्व सांगायला हवं. आमच्या सासूबाई जासईच्या, धवलारीण. आगरी लग्नात धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन विधी पार पाडणारी ही बाई. शेकडो कडवी त्यांना तोंडपाठ होती, अक्षर एक येत नव्हतं. सासरे निवृत्त झाल्यावर रोज दुपारी त्या गायच्या आणि ते समोर बसून दोन बोटांनी टाइप करायचे. पुढे सासूबाईंना विसर पडू लागला तेव्हा सासरे लॅपटॉप घेऊन लग्नाला जायचे आणि अडलं की हळूच पुढची ओळ सांगायचे. ते गेल्यावर हे काम माझ्या बायकोकडे आलं, पण लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर अक्षता पडायच्या. म्हणून शेवटी आम्हीच तो साडूच्या हाती दिला. चूक आमचीही आहे.

"बॅकअप घे," मी बजावलं. "दादा, बॅकअप हा माझा धर्म आहे," तो म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. सगळं त्याने पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉप धुऊनपुसून लिनक्स चढवलं, फाइली परत टाकल्या आणि आठवड्याने विजयी मुद्रेने आमच्याकडे आला. "अर्ध्या मिनिटात चालू होतो! आणि केवढा व्हायरस होता बाबांच्या मशीनमध्ये! फाइल उघडावी तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, नुसता कचरा. सगळा साफ केला. पेनड्राइव्हवरचाही. त्यावर लगेच दुसरं लिनक्ससुद्धा टाकलं."

बायकोने विचारलं, "फाइलींना नावं काय होती?"

"नावं कुठली, नुसते आकडे."

"ते धवळ्यांचे नंबर होते," ती म्हणाली. सासऱ्यांनी सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलं होतं. तो फॉन्ट नसला की तेच मराठी असं इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसतं. फॉन्ट टाकला असता तर सगळे धवळे जिथल्या तिथे होते.

त्याने महिनाभर यार्डातून सुट्ट्या काढून फाइली परत मिळवायची खटपट केली. वाशीला एका दुकानात दाखवलं. काही आलं नाही. मग म्हणाला, "आईंना मी स्वतः सांगतो." मी सोबत गेलो, आणि खरं सांगायचं तर त्याची फजिती बघायला गेलो. तो ओटीवर खाली मान घालून बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनी लिवलेला गेला. मी तं हाय ना अजून? बस, लिव."

तेव्हापासून दर रविवारी तो जासईला जातो. तोच लॅपटॉप, तेच लिनक्स. वीस वर्षं मी त्या घरी जेवून ताणून देत आलो, त्या बाईसमोर एक दुपार बसून ऐकावं असं मला कधी सुचलं नाही, याची मला आता लाज वाटते.

परवा मीही गेलो होतो. सासूबाई हळदीचा धवळा सांगत होत्या आणि मधेच अडल्या. दोनदा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या. एरवी क्षणभर गप्प न बसणारा तो माणूस बोटं कीबोर्डवर ठेवून नुसता वाट बघत राहिला. शेवटी त्याच म्हणाल्या, "हितं त्येच सांगायचे मना. ऱ्हाऊ दे. फुडचा लिव."

त्याने एक ओळ मोकळी सोडली आणि पुढचं लिहायला घेतलं. अशा मोकळ्या ओळी आता बऱ्याच झाल्या आहेत. त्या पाहिल्या की मला त्याची थट्टा करवत नाही.